भातकुलीपासून सावरखेड किती कोस

सन १८६४, फाल्गुन महिना. सकाळी सात वाजता अमरावतीच्या वेशीबाहेर अकोल्याच्या वाटेवर एकशे त्रेचाळीस बैलगाड्या उभ्या होत्या. एकशे नऊ कापसाने भरलेल्या, चौतीस रिकाम्या. मी सदतीस गाडीवानांना एकच प्रश्न विचारला : इथून अकोला किती कोस? चोवीस म्हणणारे अकरा निघाले, सव्वीस म्हणणारे सहा, अठ्ठावीस म्हणणारे नऊ, तीस म्हणणारे सात आणि बत्तीस म्हणणारे तीन. उरलेला एक म्हणाला, "चार मुक्काम अन् एक भांडन." त्याचे उत्तर मी वेगळे लिहून ठेवले.

वाट मात्र एकच होती. गाड्याही तिच्यावरून रोज जात होत्या.

माझे काम सोपे आहे असे मला मुंबईहून निघताना सांगितले होते. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडातल्या कापसाला मागणी फार. रेल्वेचे रूळ अजून पश्चिमेकडेच होते, तोवर सगळा माल गाडीवाटेने जायचा. त्या वाटेवरची गावे किती अंतरावर आहेत, याचा तक्ता कचेरीला हवा होता. तक्त्यात तीन रकाने होते : मैल, फर्लांग आणि कोस. पहिले दोन चाकाने भरायचे. तिसऱ्याखाली लिहिले होते, 'स्थानिक चौकशीने भरावा.' कारण गाडीवानाला मैल सांगून काही कळत नाही.

चाक म्हणजे मोजणीचे चाक. त्याचा घेर सव्वाआठ फूट. सहाशे चाळीस फेऱ्या झाल्या की एक मैल, म्हणजे आठ फर्लांग. ते ढकलायला चंद्रभान नावाचा खलाशी, म्हणजे मोजणीचा गडी होता, पन्नाशीचा, आणि चाकाचा काटा माझ्याआधी तोच वाचून टाकत असे.

कोस या दोन अक्षरांची चौकशी मी अकोल्यातच सुरू केली होती. तिथे आठ दिवस राहिलो होतो. घरमालक शास्त्रीबुवा होते. ते म्हणाले, मूळ शब्द क्रोश. क्रोश म्हणजे ओरडणे, आणि ओरडलेले जिथवर ऐकू जाते ते अंतर. आक्रोश त्यातलाच.

"म्हणजे किती?" मी विचारले.

"चार हजार हात. कुठे आठ हजारही दिलेले आहेत."

"एक दुसऱ्याच्या दुप्पट कसे होईल? आणि ओरडणारा कोण धरायचा? वारा कोणत्या दिशेचा?"

शास्त्रीबुवांनी पोथी मिटली. "तुम्हांला अंतर हवे आहे की वाद?"

शेजारी एक म्हातारे मुन्शी राहत. निजामाच्या अमलात त्यांनी फारसीत दफ्तरे लिहिली होती. त्यांच्या मते शब्द फारसीतला कुरोह. बादशाही कोस पाच हजार गजांचा, म्हणजे अडीच मैलांच्या आसपास. "आसपास का?" असे विचारल्यावर ते म्हणाले, कारण गजही बादशहागणिक बदलला. शिवाय फारसीत कोस म्हणजे मोठा नगारा, पण त्याचा या कोसाशी संबंध आहे की नाही ते त्यांना ठाऊक नव्हते. बाजारातला एक गुजराथी दलाल म्हणाला, आमच्याकडे गाऊ म्हणतात, गाईचे हंबरणे ऐकू येते तेवढे. आणि उत्तरेकडचा एक गाडीवान, माझ्या प्रश्नांना कंटाळून, बैलाला म्हणाला, "देख, साहब सुबह से कोस को कोस रहा है." कोसणे म्हणजे त्याच्या भाषेत शिव्याशाप देणे. शास्त्रीबुवांना विचारले तेव्हा ते म्हणाले, हाही क्रोशच, ओरडण्याचाच प्रकार.

मी मुन्शीजींना जरा ऐटीत सांगितले की मैलाचे असे नाही. मैल म्हणजे रोमी भाषेत हजार, हजार पावले.

"किसके पाँव?" मुन्शीजींनी विचारले.

"रोमी शिपायाची. उजवा पाय पडला की एक मोजायचे."

"कितना लंबा था वो?"

मी हा प्रश्न वहीत लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीला निघालो, तिकडून मोजत परत यायला.

*

भातकुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. गावाच्या कडेला नत्थुजी माळ्याचा मळा होता : वांगी, मिरची, कोथिंबीर, एका बाजूला झेंडू आणि कुंपणाला एरंड. विहिरीजवळ सावली होती म्हणून तिथेच उतरण्याची परवानगी मागितली. नत्थुजींनी ती लगेच दिली आणि चाकाभोवती एक फेरी मारली.

"हे खोटं नाई बोलत म्हनतात. खरं काय जी?"

"एका मैलात चार-पाच हातांची चूक होऊ शकते," मी म्हणालो.

"चार-पाच हात आमी सोडून देऊ. इथून सावरखेड किती कोस, तेवढं सांगा."

सावरखेड माझ्या वाटेवरचेच गाव होते. मी म्हणालो, उद्या मोजणारच आहे. तेव्हा बाजेवर बसलेले दुसरे गृहस्थ उठले. हे जानराव, सावरखेडचे, त्यांचाही तिथे मळा होता. त्यांच्या मुलासाठी नत्थुजींच्या जमुनेची सोयरीक ठरत आली होती. मुलगा पसंत, घर पसंत. अडले होते ते एका अटीवर. जमुनेच्या आईने, पार्बताबाईंनी, सांगून ठेवले होते की पोरगी तीन कोसांपलीकडे देणार नाही.

"तीनच कोस हाय," जानराव म्हणाले. "माहा बाप तीन म्हने, त्याचा बाप तीन म्हने."

"कापसाचे गाडीवान चार म्हनतात," नत्थुजी म्हणाले.

"त्याईले भाडं वाढवून पायजे, म्हनून ते चार म्हनतात!"

मोटेचे पाणी पडते त्या विहिरीच्या थाळ्याशी एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तिने वर न पाहता म्हटले, "आमाले पाच सांगतले होते. वच्छलाच्या वक्ती."

ह्याच पार्बताबाई.

वच्छला त्यांची थोरली मुलगी. डोंगराकडच्या एका गावात दिली होती. सांगणाऱ्याने पाच कोस सांगितले. निरोप आला की पोरीला ताप आहे. पार्बताबाई सकाळी निघाल्या, दिवस मावळायच्या आत पोचू म्हणून. एक दिवस गेला, मग दुसरा. डोंगर चढून त्या तिसऱ्या दिवशी पोचल्या तेव्हा घरात सुतक होते.

हे त्यांनी मला नाही सांगितले. चंद्रभानाने संध्याकाळी बैलांना पाणी पाजताना गड्याकडून ऐकले आणि मला सांगितले. पार्बताबाई एवढेच म्हणाल्या, "तुमचं चाक काय म्हनते ते म्हनू द्या. पन कोस मले सांगू नोका. तो मी पायीन."

*

दुसऱ्या दिवशी मी आणि चंद्रभान सावरखेडला जाऊन आलो. एका बाजूचे अंतर सात मैल तीन फर्लांग. संध्याकाळी मळ्यात सगळे जमले आणि मी पाटीवर भागाकार मांडला. माझी समजूत होती की आता प्रश्न सुटेल.

कचेरीच्या हिशेबाने दोन मैलांचा एक कोस. म्हणजे पावणेचारला थोडे कमी.

"पाहा!" नत्थुजी म्हणाले.

शास्त्रीबुवांच्या आठ हजार हातांनी सव्वातीन. चार हजार हातांनी जवळजवळ साडेसहा.

"साडेसहा?" जानरावांनी पाटी माझ्या हातातून घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली. "बसल्या जागी गाव सरकवून राहिले तुमी!"

"आणि बादशाही कोसाने तीनला थोडे कमी."

"तोच खरा," जानराव म्हणाले. "बादशाही तो बादशाही."

"बादशा काय पोरीले भेटाले जाईन?" पार्बताबाईंनी विचारले.

मला पाटीवर चार आकडे दिसत होते आणि चारही बरोबर होते. विज्ञानशाळेत शिकलो ते असे, की दोन बरोबर उत्तरे आली तर प्रश्न चुकीचा मांडला आहे. पण प्रश्न तर नत्थुजींनी सरळ मांडला होता. मी पाटी पुसली, पुन्हा मांडला, आणि आकडे पुन्हा तेच आले. जमुना चुलीपाशी भाकरी थापत होती, आणि पाटी पाहून तिने मला मास्तर ठरवले होते. ती म्हणाली, "बाबा, मास्तराले जेवू द्या. त्याईचा जीव कोसात अटकला."

"तू गप," नत्थुजी म्हणाले. "तुहीच गोठ चालू हाय."

"म्हनून तं ऐकून राह्यली."

जेवण झाल्यावर पार्बताबाई माझ्यासमोर बसल्या. "तुमाले कोस मोजाचा हाय ना? माह्या मायनं शिकोला तसा मोजू. धुऱ्यावरची एरंडीची फांदी तोडाची, हातात धराची अन् चालाचं. पानं जिथी मान टाकतीन तिथी एक कोस. तिथी दुसरी तोडाची."

मी सरसावून बसलो. हा वाद नव्हता. हा प्रयोग होता, त्यात करून पाहता येण्यासारखे काही होते. फांदी कशी धरायची, पान पडले असे केव्हा म्हणायचे, हे मी लगेच विचारून लिहून घेतले. फांदी उभी धरायची, पदराखाली न्यायची नाही. वरची तीन पाने देठापाशी वाकली की कोस झाला. पार्बताबाई फांदी धरतील, चंद्रभान चाक चालवील आणि प्रत्येक ठिकाणी मी आकडा टिपीन. उलट दिशेनेही मोजून पडताळा पाहायचा, असे मी सुचवले.

"उलट्या अंगानं कायले?" नत्थुजींनी विचारले.

"दोन्ही आकडे जुळले पाहिजेत."

"जुळतीन नाई तं जातीन कुठी?"

*

सूर्य उगवून अर्धा तास झाला होता. पार्बताबाईंनी कुंपणाची एक फांदी मोडली. त्यांच्या कमरेला फडक्यात दोन भाकरी बांधलेल्या होत्या. जिथे पोरगी द्यायची तिथले अन्न-पाणी त्या घेणार नव्हत्या. सावरखेडला त्यांची एक मावसबहीण होती, रात्री तिच्याकडे उतरायचे ठरले. नत्थुजी आणि जानराव पुढे चालत होते आणि आदल्या दिवशीचे भांडण पुन्हा करत होते.

पहिली फांदी एक मैल सहा फर्लांगांवर पडली. मी आनंदाने लिहून घेतले. म्हणजे सावरखेड सव्वाचार कोसांच्या आसपास निघणार, असे मनात धरले.

दुसरी एक मैल तीन फर्लांगांवरच पडली.

"ही फांदी कोवळी होती का?" मी विचारले.

"फांदी तशीच हाय. तिरीप चढली," पार्बताबाई म्हणाल्या.

तिसरी एक मैल एक फर्लांग चालली. चौथी आणि पाचवी एकेक मैलच. पाचवीच्या वेळी वाटेत एरंड मिळेना. शंभर पावले मागे जाऊन ती आणावी लागली, आणि ती शंभर पावले धरायची की नाही यावर माझा आणि चंद्रभानाचा मतभेद झाला. सहावी फांदी जानरावांच्या अंगणात शिरताना पडली.

मी झाडाखाली बसून बेरीज केली. चौदा, अकरा, नऊ, आठ, आठ, नऊ. एकूण एकोणसाठ फर्लांग, म्हणजे सात मैल तीन फर्लांग. बेरीज चोख होती. पण जे मोजायला निघालो होतो ते वाटेत आखूड होत गेले होते. ज्याने मोजायचे ते मापच उन्हात आक्रसत असेल तर त्याला माप कसे म्हणावे? शेवटच्या फांदीला आठऐवजी नऊ का लागले, तेही कळेना. तिथे वाटेवर आमराई होती, कदाचित सावलीमुळे. मी सगळ्यांची सरासरी काढली आणि ती कशाची सरासरी आहे हे न कळल्यामुळे खोडली.

"सहा कोस," जानराव मटकन ओट्यावर बसले. "सहा! माह्या बापानं आयुष्यभर खोटं सांगतलं काय मले?"

"चुकीचे माप आहे हे," मी म्हणालो. "सकाळी एक, दुपारी एक."

"चुकीचं कसं?" पार्बताबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसले. त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. "पयल्या कोसाले मी बोलत होती. पाचव्याले तोंडातून आवाज निघे ना. वाट लांब झाली म्हनूनच तं पान पडलं. पान खोटं बोलत नाई."

जानरावांच्या घरातून एक ठेंगणी बाई तांब्या घेऊन बाहेर आली. ही जानरावांची बायको, माणिकबाई. तिने पार्बताबाईंपुढे पाणी धरले. पार्बताबाईंनी हात जोडले आणि मान हलवली. माणिकबाईने आग्रह केला नाही. ती तांब्या घेऊन उभीच राहिली. खाली टाकलेल्या फांदीकडे पाहिले आणि नवऱ्याला विचारले, "कितवी?"

"सहावी."

"परत जातानाबी मोजनार?"

"मास्तरच्या चाकाले पडताळा पायजे."

"किती वाजता निंगनार?"

"तांबडं फुटताना," पार्बताबाई म्हणाल्या आणि मावसबहिणीच्या घराकडे वळल्या. नत्थुजी जागचे हलले नाहीत. त्यांनी जानरावांकडे पाहिले, जानरावांनी जमिनीकडे. सहा म्हणजे तीनच्या दुप्पट, एवढा हिशेब तिथे सगळ्यांना येत होता.

*

तांबडे फुटले तेव्हा आम्ही मारुतीच्या देवळापुढे जमलो. हवेत गारवा होता. माणिकबाई टोपले घेऊन आली. त्यात एरंडाच्या तीन फांद्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या.

"वाटेत एरंडी भेटत नाई म्हनत होते," ती पार्बताबाईंना म्हणाली. "ह्या राहू द्या संगं."

पार्बताबाईंनी फडके उघडून देठांवरून बोट फिरवले. एक फांदी हातात घेतली आणि टोपले नत्थुजींकडे दिले.

पहिली फांदी दोन मैल सहा फर्लांग चालली.

मी चाकाचा काटा दोनदा वाचला. चंद्रभानाने तिसऱ्यांदा वाचला. दुसरी अडीच मैल चालली. तिसरी काढली तेव्हा ऊन पडायला लागले होते, मी तिच्यावरून नजर काढली नाही. भातकुलीची झाडे दिसली, मग विहिरीची मोट ऐकू आली. मळ्याच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा तिसरीची पाने ताठ होती.

चाकाने सात मैल तीन फर्लांगच दाखवले, चार फेऱ्या कमी. पडताळा जुळला होता.

"तीन!" नत्थुजी ओरडले. "तीनबी नाई, तीनच्या आतच! वो जमुने, पाय!"

जमुना मिरच्यांतून उठून आली. आईच्या हातातल्या फांदीकडे पाहून तिने विचारले, "जाताना सहा अन् येताना तीन? मंग मी येत जाईन ना तुह्याकडे. तू नोको येऊ."

नत्थुजी हसले. मला हसू येईना. वाटेत मला एक गोष्ट समजली होती आणि ती सांगितली तर काय होईल हेही समजत होते. पहाटेचा गारवा हे एक कारण होते. पण गारव्याने पान इतके टिकत नाही. फांद्या रात्रभर पाण्यात ठेवलेल्या होत्या. देठ फुगले होते, फडके ओले होते. बहुधा विहिरीच्या पाटावरच्या, भरपूर पाणी प्यालेल्या झाडाच्याही होत्या. प्रयोगात एका बाजूने हात घातला गेला होता. मी बोललो तर सोयरीक मोडेल. न बोललो तर पार्बताबाई दुसऱ्यांदा कोणाच्या तरी सांगण्यावरून पोरगी देतील, आणि या वेळी सांगणारा मी असेन.

मी त्यांना विहिरीपाशी गाठले.

"बाई, हे तीन कोस धरता येणार नाहीत."

"काहून?"

"त्या फांद्या पाण्यात ठेवलेल्या होत्या. माणिकबाईंनी तुम्हांला..." मला योग्य शब्द सापडेना. "मापात फरक केला आहे."

पार्बताबाईंनी ती तिसरी फांदी अजून टाकली नव्हती. "मले काय डोये नाईत? देठाले हात लावला तवाच समजलं. अन् तीनच देल्ल्या. चौथी ठेवलीच नाई टोपल्यात." त्या एकदम हसल्या. "लबाड हाय."

"मग?"

"कोनासाठी लबाडी केली तिनं? फांदीले पानी पाजाची गरज कोनाले पडते? रातभर हंडा भरून ठेवला असन, पहाटे उठून फडकं पिळलं असन. पोट्टी पायजे म्हनून."

"पण अंतर तेवढेच आहे. ऊन तेवढेच राहणार. वच्छलाच्या वेळी..."

मी मध्येच थांबलो. ते नाव मी घ्यायला नको होते. नत्थुजी मोटेपाशी थबकले. जमुनाही उभी राहिली.

पार्बताबाईंनी थाळ्यात हात धुतले. मग सावकाश सांगितले, "वच्छलाले ताप आला त्याच्या सातव्या रोजी निरोप निंगाला. सात रोज त्या घरात कोनाले वाटलं नाई का मायले सांगावं. तिची जाऊ मंग सांगे मले, पोट्टी हाका मारे, माय माय करे. मी त्या वाटेलेच शिव्या देत राह्यली इतके वर्सं. पाच कोस सांगतले अन् तीन दिवस लागले म्हनून." त्यांनी फांदीकडे पाहिले. "तीन दिवस माहे गेले. सात त्याईचे गेले. ते कोनी मोजले नाईत."

मोटेचे पाणी पाटात पडत होते.

"ज्या बाईनं इहिनीच्या फांदीसाठी रात जागली," पार्बताबाई म्हणाल्या, "तिच्या घरात पोरीचं आंग गरम झालं तं मले त्याच रोजी समजन. मंग सहा कोस असो का साडेसहा. मी चालीन." आणि नवऱ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "उभे काय राह्यले? जानरावाले मानूस धाडा. म्हना, तीन कोस भरले."

जमुना माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "लिवून घ्या मास्तर, नाई तं तुमी पुन्हा मोजान."

*

अकोल्याला पोचायला पुढे सहा दिवस लागले. कापसाच्या गाड्यांनी वाट भरलेली होती. दर मुक्कामाला मी मैल आणि फर्लांग लिहीत गेलो आणि कोसाची चौकशी करत गेलो. एका गावी एकच अंतर बापाने आठ सांगितले आणि मुलाने सहा. दोन ठिकाणी एरंडाची फांदी मोडून मी स्वतः चालून पाहिले. ती तळपत्या दुपारी अर्ध्या मैलातच पडली, आणि मारुतीच्या पारावर बसलेल्या लोकांनी मला काय झाले आहे, अशी चंद्रभानाकडे चौकशी केली.

शास्त्रीबुवांना मी फांद्यांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, असे माप कोणत्या ग्रंथात नाही. मुन्शीजींनी सगळे आकडे दोनदा ऐकले आणि विचारले, "और वो औरत रात भर सोई नहीं?" मी म्हणालो, हे मला माहीत नाही, तसे नुसते अनुमान आहे. ते म्हणाले, "लिख लो," पण कोणत्या रकान्यात ते सांगितले नाही.

तक्ता द्यायचा दिवस आला. वाटेवरच्या बावीस टप्प्यांपैकी एकवीस टप्प्यांपुढे कोसाच्या रकान्यात मी लिहिले : 'स्थानिक चौकशीत एकवाक्यता नाही.' कारकुनाने ते वाचले, एक टप्पा राहिला होता तिथे बोट ठेवले आणि विचारले, "इथे काय लिहू?"

मी वही उघडली. त्या पानावर दोन ओळी होत्या. एक चाकाची, दुसरी पार्बताबाईंची. दोन्ही त्याला वाचून दाखवल्या आणि त्याने त्या तशाच उतरवून घेतल्या.

भातकुली ते सावरखेड : सात मैल, तीन फर्लांग. कोस, तीन.